एका वेगाची पाच नावे : यूएसबीच्या नामांतराचा इतिहास (धागा)

१/
संगणकाच्या कडेला असलेल्या खाचेत नेमकी कोणती यूएसबी आहे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तरीही नवा संगणक समोर ठेवून या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे भल्याभल्यांना जमत नाही. त्यामागे सुमारे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. हा इतिहास तंत्रज्ञानाच्या अपयशाचा नाही. तंत्रज्ञान उत्तम चालले. बिघडली ती नावे.

२/
प्रचलित समजूत अशी की, ज्याला आपल्या पोर्टची आवृत्ती ओळखता येत नाही तो अडाणी. दुकानदार तसे सुचवतो, जाणकार मित्र तसे बोलून दाखवतो. ही समजूत निखालस चुकीची आहे. दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. ज्या निर्णयांनी पोर्ट दुर्बोध केले त्यांची साले उपलब्ध आहेत. ती क्रमाने मांडली की दोषी कोण हे आपोआप दिसते.

३/
आरंभ यूएसबीपूर्वीच्या काळापासून करावा लागेल. १९९० च्या दशकारंभी संगणकाची मागची बाजू म्हणजे निरनिराळ्या खाचांचे प्रदर्शन होते. प्रिंटरसाठी रुंद पॅरलल पोर्ट, मोडेमसाठी सीरियल पोर्ट, कळफलक व माउससाठी गोल पीएस/२. स्कॅनर जोडायचा तर पुष्कळदा पेटी उघडून आत वेगळे कार्ड बसवावे लागे. नवे उपकरण जोडणे हे जाणकाराचे काम होते.

४/
१९९४ मध्ये कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या हा गोंधळ संपवण्यासाठी एकत्र आल्या. इंटेलमधील या कामाशी अजय भट्ट यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० प्रसिद्ध झाली.

५/
या मानकाचे मूळ वचन एका वाक्यात सांगता येते : वापरणाऱ्याला काहीही माहीत असण्याची गरज पडू नये. खाच एकाच आकाराची, एका यंत्राला १२७ पर्यंत उपकरणे जोडण्याची सोय, आणि संगणक बंद न करता जोडणी. १९९८ मध्ये १.१ ही सुधारित आवृत्ती आली. त्याच वर्षी अ‍ॅपलने आयमॅकमधून जुन्या खाचा काढून टाकल्या आणि यूएसबीवर भिस्त ठेवली. वचन पाळले जात होते.

६/
पहिली चूक मात्र त्याच काळात पेरली गेली. पहिल्या यूएसबीचे दोन वेग होते : १.५ मेगाबिट प्रति सेकंद आणि १२ मेगाबिट प्रति सेकंद. पहिल्याला ‘लो स्पीड’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘फुल स्पीड’, म्हणजे पूर्ण वेग. ज्या क्षेत्रात दर काही वर्षांनी वेग वाढतो, तेथे पहिल्याच पायरीला ‘पूर्ण’ म्हणून टाकले. पुढच्या पायरीला काय म्हणायचे, याचा विचार कोणी केला नाही.

७/
पुढची पायरी एप्रिल २००० मध्ये आली. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट प्रति सेकंद होता आणि त्याचे नाव पडले ‘हाय स्पीड’. म्हणजे ‘उच्च’ वेग हा ‘पूर्ण’ वेगाच्या चाळीसपट झाला! पुढे २००८ मध्ये त्यावर ‘सुपर स्पीड’ चढला. पूर्ण, उच्च आणि अतिउच्च यांतील लहानमोठे कोणते, हे भाषा जाणणाऱ्याला कळत नाही. तक्ता पाठ करणाऱ्यालाच कळते.

८/
याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. २.० च्या दस्तऐवजाने १२ मेगाबिटचा जुना वेगही आपल्या पोटात घेतला. त्यामुळे १२ मेगाबिटचे उपकरणही नियमाला धरून ‘यूएसबी २.०’ म्हणवून घेऊ शकत होते, आणि अशी उपकरणे बाजारात आलीही. ग्राहक २.० हा आकडा पाहून ४८० समजे. आवृत्तीचा क्रमांक आणि प्रत्यक्ष वेग यांची फारकत येथे प्रथम झाली. पुढे हीच फारकत रूढी बनली.

९/
नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० आली. वेग ५ गिगाबिट प्रति सेकंद. या आवृत्तीने मात्र एक चांगली गोष्ट केली : ती डोळ्यांना दिसत होती. खाचेतील जीभ निळ्या रंगाची असावी अशी शिफारस होती, बाजूला ‘एसएस’ हे चिन्ह असे, आणि आतील संपर्कपट्ट्या चारवरून नऊ झाल्या. काळे ते जुने, निळे ते नवे. शाळकरी मुलालाही पोर्ट ओळखता येई. यूएसबीच्या इतिहासात ओळख इतकी सोपी पुन्हा कधी झाली नाही.

१०/
जुलै २०१३ मध्ये यूएसबी ३.१ प्रसिद्ध झाली. तिने १० गिगाबिटचा नवा वेग आणला. नव्या वेगाला नवे नाव आणि जुन्याचे नाव जुनेच, हा साधा शिरस्ता पुरेसा होता. तसे झाले नाही. १० गिगाबिटला ‘३.१ जेन २’ म्हटले आणि ५ गिगाबिटच्या ३.० चे नाव बदलून ‘३.१ जेन १’ केले. ‘जेन’ म्हणजे पिढी. पाच वर्षांपूर्वीचा वेग एका रात्रीत नव्या आवृत्तीचा मानकरी झाला.

११/
सप्टेंबर २०१७ मध्ये ३.२ आली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तिची नावे जाहीर झाली. यंत्रणा या वेळी चूक सुधारेल अशी अपेक्षा होती. तिने चूकच पुन्हा केली. ५ गिगाबिट झाले ‘३.२ जेन १’, १० गिगाबिट झाले ‘३.२ जेन २’, आणि नवा २० गिगाबिटचा वेग ‘३.२ जेन २ बाय २’. ३.० आणि ३.१ ही नावे अधिकृतरीत्या मागे पडली, पण कोट्यवधी यंत्रांवर, खोक्यांवर आणि पुस्तिकांत ती तशीच राहिली.

१२/
एका ५ गिगाबिट वेगाची ही नावे एकत्र पाहावीत :
• २००८ : यूएसबी ३.०
• त्याच वेळी ग्राहकांसाठी : सुपरस्पीड यूएसबी
• २०१३ : यूएसबी ३.१ जेन १
• २०१९ : यूएसबी ३.२ जेन १
• २०२२ : यूएसबी ५ जीबीपीएस
तारा त्याच, वेग तोच, पाट्या मात्र पाच. आज जाहिरातीत नुसते ‘यूएसबी ३.२’ असे छापलेले असेल, तर तो वेग २००८ चाही असू शकतो.

१३/
मराठी कागदपत्रे वाचणाऱ्यांना अनेक कालगणनांची सवय असते. शालिवाहन शक १५९६, राज्याभिषेक शक १ आणि इसवी सन १६७४ ही एकाच वर्षाची नावे. शुहूर व फसली सन त्यात आणखी भर घालतात. परंतु जंत्री हाती असली की हा गुंता सुटतो, कारण प्रत्येक गणनेतील वर्ष एकदा ठरले की ते ठरले. नवी गणना सुरू झाली म्हणून जुन्या पत्रांवरील सन कोणी खोडून लिहिले नाहीत. यूएसबीच्या यंत्रणेने नेमके तेच केले.

१४/
नावांचा हा गोंधळ चालू असताना २०१४ मध्ये टाइप-सी ही नवी खाच आली. २४ संपर्कबिंदू, दोन्ही बाजूंनी बसणारी, देखणी. पण टाइप-सी हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. तिच्यामागे ४८० मेगाबिट असू शकतात किंवा ४० गिगाबिटही. २०२३ चा आयफोन १५ पाहावा : साध्या प्रतिरूपाचे टाइप-सी पोर्ट यूएसबी २ च्या वेगाचे, तर ‘प्रो’चे १० गिगाबिटचे. बाहेरून दोन्ही एकसारखे. निळ्या जिभेने जी ओळख दिली होती, ती या खाचेत उरली नाही.

१५/
ऑगस्ट २०१९ मध्ये यूएसबी४ आली. इंटेलने खुल्या केलेल्या थंडरबोल्ट ३ वर ती आधारलेली होती. तिच्यात २० गिगाबिट अनिवार्य आणि ४० ऐच्छिक. म्हणजे ‘यूएसबी४’ एवढ्या शब्दाने वेग कळत नाहीच. २०२२ मध्ये ८० गिगाबिटचा वेग आला तेव्हा त्याला पाचवा क्रमांक मिळाला नाही. त्याचे नाव ठरले ‘यूएसबी४ आवृत्ती २.०’. आवृत्तीच्या पोटात आवृत्ती!

१६/
या व्यवहाराच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा : नवा दस्तऐवज जुन्याला सामावून घेतो, म्हणून ३.० वेगळे उरतच नाही. आणि ‘जेन’ची नावे अभियंत्यांसाठी होती, ग्राहकांसाठी नव्हती. या म्हणण्यात तांत्रिक तथ्य आहे. परंतु दस्तऐवज बदलला म्हणून पाटावर झाळलेले पोर्ट बदलत नाही. आणि अभियंत्यांचे नाव खोक्यावर छापण्यास मज्जाव नसेल, तर जे नाव अधिक नवे वाटते तेच विक्रेता छापणार. हे कळण्यासाठी भविष्यवेत्ता लागत नाही.

१७/
दुसरा युक्तिवाद अधिक लोकप्रिय आहे : कोणतेही उपकरण कोणत्याही पोर्टला चालते, मग आवृत्ती कळण्याची गरज काय? याचे उत्तर हिशेबाने द्यावे. किल्ल्यांची छायाचित्रे आणि मोडी कागदांच्या प्रती मिळून एक टेराबाइटचा संग्रह आहे, असे समजू. २.० च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३५ मेगाबाइट मिळतात. प्रत काढायला जवळजवळ आठ तास लागतात. ५ गिगाबिटच्या पोर्टवर चांगली एसएसडी ४०० मेगाबाइट देते. काम सुमारे बेचाळीस मिनिटांत आटोपते.

१८/
आठ तास लागणारी प्रत माणूस रोज काढत नाही, उद्यावर ढकलतो. आणि ज्या संग्रहाची दुसरी प्रत नसते तो एका बिघाडाने नाहीसा होऊ शकतो. शिवाय पैशाचाही प्रश्न आहे. वेगवान एसएसडी विकत घेऊन ती २.० च्या खाचेत लावणारा विद्यार्थी न मिळणाऱ्या वेगाचे पैसे मोजतो. ‘चालते’ आणि ‘विकत घेतले तसे चालते’ यांत हे अंतर आहे.

१९/
मग पोर्ट ओळखावा कसा? इतिहासाचा अभ्यासक जसा एका साधनावर विसंबत नाही, तसाच येथेही अनेक पुराव्यांचा मेळ घालावा लागतो. पहिला पुरावा डोळ्यांचा. नेहमीच्या चौकोनी खाचेत चारच पट्ट्या असतील तर ती २.० किंवा त्याहून जुनी. दोन ओळींत मिळून नऊ असतील तर ३.० किंवा पुढची. निळा रंग अनुकूल साक्ष देतो, परंतु तो सक्तीचा नसल्याने काळ्या रंगावरून नकार सिद्ध होत नाही. लाल, पिवळा इत्यादी रंग उत्पादकाच्या मर्जीचे.

२०/
दुसरा पुरावा चिन्हांचा. ‘एसएस’ असेल तर किमान ५ गिगाबिट; त्यासोबत १० किंवा २० हा आकडा असेल तर तितके गिगाबिट. विजेच्या बाणाचे चिन्ह थंडरबोल्ट दर्शवते. मात्र काही उत्पादक तसलेच चिन्ह चार्जिंगसाठीही वापरतात, तेव्हा जपून. चिन्ह मुळीच नसेल तर निष्कर्ष काढू नये. तिसरा पुरावा उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकाचा : यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन प्रत्येक पोर्टपुढे गिगाबिटचा आकडा शोधावा. आवृत्तीचा क्रमांक तेथे दुय्यम.

२१/
चौथा पुरावा यंत्राच्या स्वतःच्या नोंदींचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स ही यादी पाहावी. ‘एक्स्टेन्सिबल’ हा शब्द असेल तर यंत्रात ३.० किंवा पुढचा नियंत्रक आहे. केवळ ‘एन्हान्स्ड’ असेल तर २.०. येथे दोन सापळे आहेत. नावाच्या शेवटी येणारा १.० किंवा १.१० हा आकडा नियंत्रकाच्या रचनेचा असतो, यूएसबीचा नव्हे. आणि नियंत्रक नवा असला तरी त्याला जोडलेला प्रत्येक पोर्ट नवा असतोच असे नाही.

२२/
म्हणून जोडणीची नोंद अधिक विश्वासार्ह. वेगवान उपकरण पोर्टला लावून ती पाहावी. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमधील यूएसबी विभागात जोडलेल्या उपकरणाचा वेग दिसतो. लिनक्सवर एलएसयूएसबी या आज्ञेला ‘टी’ हा पर्याय जोडला की प्रत्येक फांदीपुढे ४८०, ५००० किंवा १०००० असा मेगाबिटमधील आकडा येतो. पाटी काहीही म्हणो, हा आकडा दोन यंत्रांनी आपसांत ठरवलेला असतो.

२३/
शेवटचा पुरावा प्रत्यक्ष वेगाचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४८० मेगाबिट म्हणजे फार तर ६० मेगाबाइट. बाह्य एसएसडीवरून एखादी मोठी फाइल संगणकात घेताना वेग सेकंदाला ६० मेगाबाइटच्या वर स्थिर राहिला, तर तो पोर्ट २.० असूच शकत नाही. उलट बाजूने मात्र जपून बोलावे : वेग कमी आला तर दोष केबलचा किंवा उपकरणाचाही असू शकतो. फोनसोबत मिळणारी टाइप-सी केबल पुष्कळदा २.० चीच असते.

२४/
पट्ट्या मोजणे, चिन्हांचा अर्थ लावणे, माहितीपत्रक ताडून पाहणे, नोंदी वाचणे, शेवटी प्रयोग करणे. एका खाचेची क्षमता जाणण्यासाठी एवढे संशोधन! हीच पद्धत शिलालेखाचा काळ ठरवताना शोभते, कारण तो कोरणारा आता विचारायला नसतो. येथे बनवणारा जिवंत आहे, त्याला उत्तर ठाऊक आहे, आणि उत्तर छापायला दोन अंकी आकड्याएवढी जागा पुरते.

२५/
यंत्रणेलाही हे अखेर मान्य करावे लागले. २०२२ मध्ये यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने ग्राहकांसाठी सुपरस्पीड आणि आवृत्त्यांची नावे बाजूला ठेवून ५, १०, २०, ४० जीबीपीएस अशी थेट वेगाची नावे स्वीकारली. पुढे ८० ची भर पडली. हा निर्णय योग्य आहे. पण तो चौदा वर्षे उशिरा आला, जुन्या पाट्यांना तो लागू नाही, आणि प्रमाणपत्र घेणे उत्पादकाच्या इच्छेवर असल्याने दुकानातील जाहिरात आजही ‘३.२’ एवढेच सांगून मोकळी होते.

२६/
भारतात तेलाच्या बंद पिशवीवर निव्वळ प्रमाण छापावेच लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता व मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. पोर्टचा वेग ही त्या वस्तूची क्षमताच होय. तो पोर्टशेजारी आकड्यात लिहावा, ही मागणी कृपेची नाही, हक्काची आहे.

२७/
तोवर ग्राहकाच्या हाती एक साधे शस्त्र आहे. दुकानात ‘यूएसबी कितवी?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर खरे असूनही फसवे असू शकते. ‘या पोर्टचा वेग किती गिगाबिट?’ एवढेच विचारावे, प्रत्येक पोर्टबद्दल वेगळे विचारावे, आणि आकडा लेखी मागावा. नावे पाच झाली, पण पाच गिगाबिट हे २००८ मध्येही पाच गिगाबिटच होते आणि आजही तितकेच आहेत.

(धागा समाप्त)